मायुमीचे बाबा आणि टिशूचं पाकीट

रविवारची दुपार, सिंगापुरात क्वीन्सटाउनचं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सचं मोठं आवार, आणि सत्तरीचे एक जपानी गृहस्थ भर गर्दीत बोलणी खातायत... हा प्रसंग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यात थोडा माझाही हात होता.

हे गृहस्थ म्हणजे मायुमीचे बाबा. मायुमी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते, दहा वर्षं झाली तिला सिंगापूरला येऊन. नुकताच तिला पीआर मिळाला, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी... आणि ते बाबांना सांगायचं धाडस काही होत नव्हतं.

कारण बाबांचं दर आठवड्याला फोनवर एकच रडगाणं. आमच्या गावात परदेशी लोक फार झालेत. शेजारी फॅक्टरीत काम करणारी तीन व्हिएतनामी मुलं राहतात, ती कचरा भलत्याच दिवशी बाहेर ठेवतात. आता अशा माणसाला, तुमची मुलगीच कायमची परदेशी होऊन बसली, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून ते आठवडाभरासाठी आले तेव्हा तिने जेवायला मलाही ओढून नेलं. परक्या बाईसमोर ते रागावणार नाहीत, असा तिचा होरा. मीही आयत्या जेवणाला नाही म्हणणाऱ्यांतली नव्हे.

आम्ही दोघी रांगेत थांबलो आणि टेबल शोधायला बाबांना पाठवलं. एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली, ती माझी चूक. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं इथे टेबलावर टिशूचं पाकीट ठेवून जागा धरतात. त्याला म्हणतात 'चोप' करणं.

ट्रे घेऊन येतो तर बाबा एका टेबलाशी प्रसन्न चेहऱ्याने बसलेले. जपानमध्ये जाहिरातीचे टिशू रस्त्यावर फुकट वाटतात, त्यामुळे त्यांना वाटलं, हेही गिऱ्हाइकांसाठीच ठेवलेत. अख्खं पाकीट संपवून त्यांनी टेबल लख्ख पुसलं होतं... आणि समोर हातात गरम सूपचा बाउल घेऊन एक चिनी आंटी उभी.

"अंकल, धिस वन आय चोप ऑलरेडी लाह."

आणि मग जी काय सुरू झाली! बाबा ताडकन उठले, लालबुंद झाले, कमरेत वाकून वाकून माफी मागायला लागले. मायुमी पार रडकुंडीला आली. आज काही ती बातमी बाहेर पडत नाही, असं मी मनाशी धरून चालले.

आंटीने दोन मिनिटं मनसोक्त तोंडसुख घेतलं, मग त्या चकचकीत टेबलाकडे पाहून तिला हसूच फुटलं. सिंगापूरला पहिल्यांदाच आलात का, असं विचारून तिने स्वतःच बाबांसाठी खुर्ची ओढली. आम्ही चौघंही तिथेच जेवलो. छत्री ठेवली तरी चालते, ऑफिसचं कार्डही चालतं, हे सगळं तिने बाबांना खुणा करकरून शिकवलं.

जेवण झाल्यावर बाबा टिशू विकणाऱ्या काकांकडून चार पाकिटं घेऊन आले. एक आंटीला दोन्ही हातांनी दिलं. ती गेल्यावर मायुमीला जपानीत काहीतरी म्हणाले. तिने ते मला नंतर सांगितलं.

"हिने ओरडून का होईना, मला सांगितलं तरी. त्या मुलांच्या दारावर मी नुसत्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्याही जपानीत."

तिथल्या तिथे मायुमीने पीआरचं सांगून टाकलं. बाबा उरलेली पाकिटं खिशात घालून उठले. ते परत गेले तरी त्या विषयावर अवाक्षर नाही... ही बिचारी दोन आठवडे झुरत होती.

काल तिने मला एक फोटो दाखवला. बाबांच्या घरचं जेवणाचं टेबल, त्यावर चित्रं काढलेलं कचऱ्याचं वेळापत्रक, आणि ती तिन्ही व्हिएतनामी मुलं एकाच बाजूला दाटीवाटीने बसलेली. समोरची खुर्ची मात्र रिकामी, आणि तिच्यापुढे सिंगापूरचं टिशूचं पाकीट. खाली एकच ओळ होती... "इथे कुणाला बसू देत नाही. तू तिकडे निवांत राहा."

मायुमी रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

पुण्यात माझे बाबाही काही कमी नाहीत. स्वतःची लेक बारा वर्षं परदेशात भाड्याच्या घरात राहतेय, तरी सोसायटीच्या ग्रुपवर 'बाहेरून आलेल्या' भाडेकरूंवर त्यांचे निबंध चालू असतात. मायुमीला विचारून मी त्यांना फोटो पाठवला आणि सगळी हकीकत लिहिली.

त्यांचं उत्तर आलं, "तुझ्या खुर्चीवर रुमाल टाकलाय. समोरच्या भाडेकरूंना रविवारी चहाला बोलावलंय, पार्किंगचे नियम समजावून सांगतो."

नियम सांगितल्याशिवाय आमच्या बाबांना चैन पडायचं नाही... पण चहा पाजून सांगणार आहेत, हेही नसे थोडके. आंटी, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. थँक्यू हं.