रविवारी अकरा ते एक

मनातल्या मनात वाचणारा माणूस नेमकं काय लपवत असतो, सांगाल?

हा प्रश्न माझ्या बाबांचा. आमच्या घरात त्याचं समाधानकारक उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही, म्हणून आम्ही तिघंही सगळं मोठ्याने वाचतो. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा.

बाबा मूळचे सांगलीचे. विमा कार्यालयात नोकरी, बदली होऊन जयपूरला आले आणि झोटवाड्यात घर घेऊन बसले. जन्मभर त्यांनी युनियनची पत्रकं लिहिली आणि पहिली मुलगी झाल्यावर तिचं नाव क्रांती ठेवलं. (दुसरी झाली असती तर 'हरताळ' ठेवलं असतं, असं आई म्हणते.) मराठी माझ्या कानावर पडली ती मुख्यतः या पत्रकांतून; बाबा ती आधी मराठीत लिहून घरी वाचायचे आणि मग त्यांचं हिंदी करायचे. त्यामुळे पाच वर्षांची असताना मी ताट सरकवून म्हणाले होते, "या भोपळ्याचा मी जाहीर निषेध करते!" लहान मुलं असं बोलत नाहीत हे मला कळणार कसं? गल्लीत दुसरं मराठी मूलच नव्हतं.

तेविसाव्या वर्षी मला एकच गोष्ट हवी होती. परदेशातल्या एका विद्यापीठात कामगारांचा इतिहास शिकायचा होता. ती इच्छा इतकी जोरात होती की वरून विमान गेलं तरी मी गच्चीवर धावायचे. मध्ये उभी होती फक्त प्रवेश परीक्षा, आणि त्यातही व्हर्बल. इंग्रजी उतारा वाचायचा आणि लेखकाला काय म्हणायचंय ते ओळखायचं.

तयारी जेवणाच्या टेबलावर चालायची.

"लेखकाच्या मते, यंत्रमाग आल्यामुळे विणकरांचं भलं झालं," मी उताऱ्याचा अर्थ सांगितला.

"कोण हा लेखक?" बाबा.

"नाव दिलेलं नाही."

"नाव लपवून लिहितो आणि मी त्याचं मत मानू?"

"मानायचं नाहीये, बाबा. फक्त ओळखायचंय."

"ओळखलं! मालकांचा माणूस!"

"दोघंही गप्प बसा," आई मटार सोलता सोलता म्हणायची. "पर्याय वाच. मतदान घेऊ."

आणि खरंच हात वर करून मतदान व्हायचं! वीसपैकी आठ उत्तरं बरोबर यायची, आणि ती आठही आम्हाला तत्त्वतः अमान्य असायची.

अर्जाची शेवटची तारीख जवळ आली. केंद्रावर जागा शिल्लक नव्हती, म्हणून मी घरून परीक्षा द्यायचं ठरवलं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून पर्यवेक्षक बघणार, खोलीत दुसरं कुणी नको, बोलायचं नाही. अडचण एकच होती. आमच्या भिंतीला लागून शेखावतजींचं ग्रिल बनवण्याचं वर्कशॉप होतं. तिथे लोखंड कापायला लागले की आमच्या कपबशा जागा बदलायच्या.

"जाऊन सांग त्यांना, दोन तास मशीन बंद ठेवा म्हणून," आई म्हणाली.

"आई, हा व्यक्तिगत प्रश्न नाही!" मी म्हणाले. (होता. पूर्णपणे व्यक्तिगत होता.)

मी पत्रक काढलं. हिंदीतून. मथळा: 'शोर के विरुद्ध एक अपील'. खाली 'रविवार, सुबह ग्यारह से एक', आणि त्याखाली दीड पान पेटतं गद्य. पन्नास प्रती काढून मी घरोघर वाटल्या आणि उरलेल्या विजेच्या खांबांवर चिकटवल्या. बाबांनी पत्रक दोनदा वाचलं (मोठ्याने) आणि डोळे पुसले.

पत्रक यशस्वी झालं. इतकं यशस्वी होणारं पत्रक बाबांनीही कधी लिहिलं नव्हतं. रविवारी पावणेअकराला गल्ली चिडीचूप! पण कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद, वर्कशॉप बंद, मग माणसांनी करायचं काय? ती आमच्या अंगणात आली.

"बाबूजी, मशीन बंद कर दी," शेखावतजी म्हणाले. त्यांच्यामागे त्यांचे चार कारागीर. "अब आगे का कार्यक्रम?"

बाबांनी मूठ उंचावली. "बैठिए, साथियो."

सतरंज्या आल्या. शेखावत भाभींनी मला दही-साखर भरवली. मी आत जाऊन दार लावलं, तेव्हा खिडकीबाहेर तीसएक माणसं माझ्यासाठी श्वास रोखून बसली होती.

पहिला उतारा मधमाश्यांवर होता. मधमाश्यांशी माझं भांडण नाही. दुसऱ्यात लेखकाने लिहिलं होतं की कुठल्याही संपात पत्रकामुळे कुणाचं मत बदललेलं नाही.

माझे ओठ हलले. पडद्यावर सूचना आली: कृपया बोलू नका. मी गप्प बसले. चांगली चार सेकंद! मग ते वाक्य मी खणखणीत आवाजात वाचलं.

"सरासर झूठ!" खिडकीबाहेरून बाबा गरजले.

"बिल्कुल झूठ!" शेखावतजी. (काय झूठ, ते त्यांना माहीत नव्हतं.)

"अहो, गप्प बसा! परीक्षा चालू आहे तिची!" आई ओरडली, पण उशीर झाला होता. कुणीतरी "क्रांति बिटिया ज़िंदाबाद!" म्हटलं आणि सगळं अंगण उठून उभं राहिलं.

बाहेरून मदत घेतल्याबद्दल परीक्षा रद्द झाली. मी पर्यवेक्षकाला लिहिलं, "ही मदत नाही, ही असहमती आहे!"

शेवटची तारीख गेली. वर्ष गेलं. शेखावतजी टोपी हातात घेऊन दारात आले. "बिटिया, हमारी वजह से तेरा साल गया।" वाक्य मी वाचलं होतं, चूक माझी होती. दीड पान लिहिणाऱ्या मला तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही.

पुढच्या वर्षी दिल्लीच्या केंद्रावर, कानाला हेडफोन लावून, तोंड मिटून मी परीक्षा दिली आणि पास झाले. आता जे हवं होतं तिथेच आहे. ग्रंथालय एवढं शांत की पान उलटताना अपराधी वाटतं. उताऱ्यात काही चीड आणणारं आलं की मी थांबते. कुणीतरी "झूठ!" म्हणेल म्हणून वाट बघते. कुणी म्हणत नाही.

परवा रविवारी घरी फोन केला.

"आई, एवढं शांत कसं गं?"

"अकरा वाजलेत ना इथे. तुझ्या पत्रकावर तारीख कुठे होती?"

नव्हती! फक्त 'रविवार'. मी तिथे असेपर्यंत पाळलं ते ठीक, पण मी गेल्यावरही दर रविवारी गल्ली बंद!

"पण मी आता इकडे आहे हे शेखावतजींना माहीत आहे ना?"

"माहीत आहे. ते म्हणतात, वहाँ भी तो इम्तिहान होते होंगे।"

"आणि बाबा?"

"लोकांनी आपणहून पाळलेली शिस्त ते कशी मोडतील? आम्ही दोघं अंगणात बसतो. बोलत नाही."

मी लगेच शुद्धिपत्रक लिहायला घेतलं. ते चार पानांचं झालं. बाबांनी अकरा दुरुस्त्या सुचवून परत पाठवलंय.

तोवर तुमच्यापैकी कुणी जयपूरला असाल, तर एवढं करा. रविवारी अकराला झोटवाड्यात त्या वर्कशॉपसमोर गाडी उभी करा आणि दणदणीत हॉर्न वाजवा. आई बाहेर येईल. तिच्याशी चार शब्द मराठीत बोला. साध्या मराठीत, माझ्यासारख्या नको.