टिटवीची सावली

नागपूरच्या मे महिन्यात डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल आणि खिशात कांदा असल्याशिवाय मी फाटक ओलांडत नाही. त्या दुपारी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, तापलेल्या खड्यांत घातलेल्या चार अंड्यांवर एक टिटवी पंख किंचित पसरून उभी दिसली. मला दया आली. मी माझी काळी छत्री उघडून थेट अंड्यांवर ठेवली. टिटवी किंचाळत उडाली ती परत येईचना.

"अहो, काढा न बाप्पा ते छत्री!" बायको खिडकीतून ओरडली. "भेली न ते बिचारी! परत नाही आली, तं अंडी उकडतील!"

मी छत्री उचलून कुंपणाआड पळालो. टिटवी खाली उतरली, पण आधी आमच्या कूलरखाली साचलेल्या पाण्याकडे गेली. तिथे तिनं पोटाची पिसं भिजवली आणि चालत येऊन ती ओली पिसं अंड्यांना टेकवली. मग चोच उघडून, धापा टाकत पुन्हा उभी राहिली.

मी गॉगल काढून पाहत राहिलो. सूर्य अगदी माथ्यावर होता. अशा वेळी प्रत्येकाची सावली त्याच्याच पायाखाली जमते. तिच्या पायाखाली अंडी होती.