मुकादमाची फेरी

कासवाने रुसावं म्हणजे काय! पॉलिशवाल्याला हेच मुळी सहन होत नव्हतं. माणसं रुसतात, ते तो रोज बघायचा. गिऱ्हाइकं तर काम संपायच्या आत रुसून मोकळी होतात. पण ज्याला रोज धुतलेली कोवळी पानं मिळतात, ज्याच्यासाठी आई आपल्या ताटातली काकडी बाजूला काढून ठेवते, त्याने कपाटाखाली तोंड घालून बसावं? आणि तेही घराचा इतका कायापालट केल्यावर? हा शुद्ध कृतघ्नपणा होता.

फरशा घासून चमकवणं हा त्याचा धंदा. गोल चाकाचं ते जड मशीन घेऊन तो लोकांच्या घरी, दुकानांत, दवाखान्यांत जायचा. आधी चाकाला खरखरीत दगड लावायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि पाणी ओतत ओतत फरशी अशी घोटायचा की तिच्यात छताचा पंखा फिरताना दिसावा. उभा जन्म त्यात गेला. गुडघे गेले, कान अर्धे गेले, नखांतला राखाडी गाळ तेवढा गेला नाही. लग्नाचं कुणी विचारलं तर ‘वेळ कुठे होता?’ म्हणून अंगावर धावून यायचा.

आणि स्वतःच्या घरात मात्र वडिलांच्या वेळची खडबडीत दगडी फरशी! लोक टोमणे मारायचे. शेवटी या वर्षी कामं जरा थंडावली तेव्हा त्याने मशीन स्वतःच्या घरात आणलं आणि सगळी हौस फेडून घेतली. मग काय विचारता! शेजारपाजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवणं झालं. चपला तर बाहेरच, पण ‘मोजेही काढा, डाग पडतात’ असा दम पाहुण्यांना मिळायला लागला. बघणाऱ्याने नुसतं ‘छान’ म्हटलं तर याचं समाधान व्हायचं नाही, त्याला वाकून फरशीत तोंड बघायला लावायचा.

नेमकं तेव्हापासूनच मुकादमाचं बिनसलं.

मुकादम म्हणजे आईचं कासव. हे नाव आईनेच ठेवलं होतं, कारण रोज सकाळी ते घरभर फेरी मारायचं. आईच्या खोलीतून निघायचं, बैठकीची खोली ओलांडायचं, स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी थांबून मान वर करायचं आणि मागच्या दारात ऊन यायचं तिथे जाऊन बसायचं. त्याच्या मागोमाग आई. दोघांची चाल सारखीच, घाई कुणालाच नाही. ‘चला मुकादम, बघू कोण कामचुकारपणा करतंय,’ असं म्हणत ती त्याच्यामागून जायची आणि तिचंही चालणं होऊन जायचं. गुडघ्यांसाठी डॉक्टरने सांगितलेला व्यायाम तिने कधी केला नाही. हाच तिचा व्यायाम.

आता मुकादम कपाटाखाली आणि आई पलंगावर. ऊठ म्हटलं की ती म्हणायची, “तोच येत नाही, मग मी एकटी कुठे हिंडू?”

ताईच्या कानावर हे जायचंच होतं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिथून फोनवर याचं घर चालवायची.

“आई दिवसभर एका जागी बसून असते. तू कामावर. तिच्या पायातलं बळ जाईल. मी रविवारी येते आणि तिला घेऊन जाते,” ताई म्हणाली.

“घेऊन जाते म्हणजे? ती काय खुर्ची आहे? आणि तुझ्याकडे जाऊन पळायला लागणार आहे का?”

“निदान माझं लक्ष तरी राहील.”

लक्ष! हा शब्द त्याला फार झोंबला. आईचं जेवण, औषध, आंघोळीचं गरम पाणी, सगळं तोच बघत होता, आणि ही रविवारी येऊन लक्ष देणार! रागारागात त्याने ठरवलं, आधी हे कासव सरळ करायचं. ते हललं की आई हलेल, आई हलली की ताईला बोलायला जागा उरणार नाही.

शेजारचे आजोबा म्हणाले, म्हातारं झालं ते, आता असंच व्हायचं. “तुम्ही झालात, ते नाही,” असं तोंडावर सांगून त्याने तो विषय संपवला. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने ताकदीचं औषध गळ्यात मारलं. मुकादमाने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी पॉलिशवाल्याने त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळे पाहिले, नाक पाहिलं, वजन केलं, पाय ओढून पाहिले.

“आजार काही दिसत नाही. नखं मात्र वाढलीत. चालत नाही का हे?”

“चालायला काय धाड भरलीय त्याला, तेच विचारायला आलोय!”

बाई हसल्या नाहीत. “कासव उगाच लपत नाही. गारठा असेल, उजेड कमी असेल, काही दुखत असेल, नाहीतर कशाला तरी ते घाबरलं असेल. जिथे धोका वाटतो तिथे ते फिरत नाही. घरात काही बदललंय का अलीकडे?”

“बदललं नाही डॉक्टर, सुधारलंय,” तो ताठ मानेने म्हणाला. आणि फरशीचं सगळं पुराण त्यांना ऐकवून आला. बाईंनी “अस्सं” म्हणून मान हलवली आणि फरशीवरही नजर ठेवा म्हणून सांगितलं. तेवढं ऐकायला तो थांबलाच कुठे होता!

घरी येऊन त्याने कपाटापाशी पिवळा दिवा लावला. खिडकीला पडदा लावून वारा अडवला. मुकादम ढिम्म.

शनिवारी दुपारी त्याचं डोकंच फिरलं. काकडीची फोड हातात घेऊन तो पालथा पडला, गाल फरशीला लावून कपाटाखाली बघत. “ये बाहेर. ये म्हणतो ना! उद्या तुझ्यापायी माझी आई चाललीय.” बराच वेळ गेला. मग आतून डोकं निघालं, मग पुढचे पाय. काकडीच्या वासाने मुकादम कपाटाच्या बाहेर आला. एक पाय पुढे टाकला, तो बाजूला घसरला. दुसरा टाकला, तोही घसरला. नखं कर्रकर्र वाजत होती, चारी पाय वल्ह्यासारखे मारत होता आणि जागचा तसूभर हलत नव्हता. शेवटी पोट टेकलं, पाय फाकले. थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग कसाबसा वळला आणि धडपडत कपाटाखाली परत गेला. तिथे पोचताच मात्र चांगला चार पायांवर उभा राहून चालत कोपऱ्यात गेला.

पॉलिशवाल्याने हात आत घातला. हाताला खरखरीत लागलं.

कपाट भिंतीत बसवलेलं होतं. मशीनचं चाक त्याच्याखाली जात नाही, गिऱ्हाइकांना तो नेहमी सांगायचा, तिथे कोण बघायला येतंय! घरातली तेवढी एकच जागा जुनी राहिली होती, आणि मुकादमाने ती शोधून काढली होती. लपला कसला होता तो? जिथे चालता येत होतं तिथे चालत होता.

आणखी एका ठिकाणी चाक पोचत नाही, भिंतीच्या कडेला. तिथे वीतभर पट्टी तशीच राहते. त्याची नजर आपोआप भिंतीवर गेली. आईच्या खोलीपासून मोरीपर्यंत, कमरेच्या उंचीवर, तेलकट बोटांचे ठसे होते. त्या ठशांवरून मागच्याच आठवड्यात तो तिला बोलला होता, भिंती कशाला खराब करतेस म्हणून.

तो उठला तो थेट आईच्या खोलीत.

“तुला फरशीवर चालायची भीती वाटते?”

आई पदराशी चाळा करत बसली. “नाही रे. तोच येत नाही म्हणून...”

“त्या मुक्या जनावराच्या आड लपू नकोस! सरळ सांग.”

“वाटते थोडी.”

“मग बोलली का नाहीस? तोंड नाही तुला? पडली असतीस म्हणजे?”

“पडले होते,” आई म्हणाली. “तू कामावर होतास. कमरेवर आपटले, मग बसत बसत सरकत पलंगाशी आले. तू संध्याकाळी कुणाला तरी घेऊन आलास, फरशी दाखवायला. इतका खुशीत होतास. कुठे बोलू?”

त्याला इतका संताप आला की कुणावर ओरडावं ते कळेना. फरशीवर? आईवर? जी बाई चहात साखर कमी पडली तर चारचौघांत सांगते, तिने एवढ्यासाठी गप्प बसावं? घर सोडून ताईकडे जायला तयार व्हावं, पण पोराच्या चकचकीत फरशीला नावं ठेवू नयेत? मग डोळे आले भरून, त्याचाही त्याला रागच आला.

मशीन बाहेर काढलं. पेटीतला सगळ्यात खरखरीत दगड शोधला, ज्याने काम सुरू करतात, संपवत नाहीत. तो चाकाला लावला आणि आपल्या जन्मातल्या सगळ्यात सुंदर कामावर उलटा फिरवला. घरभर राखाडी गाळ झाला. आवाजाने शेजारचे आजोबा खिडकीशी आले. “अहो, काय करताय? आरसा होता तो!”

“तोंड बघायचं असेल तर बाजारातून आणा!” तो आतून ओरडला.

रविवारी सकाळी गाळ धुऊन काढला, फरशी वाळली. दिसत होती भयंकर, चरे पडलेली, कुठे फिकट, कुठे काळपट. मुकादम काही लगेच आला नाही. मशीनच्या आवाजाने तो आणखीच आत सरकला होता. पॉलिशवाला स्वयंपाकघरात पिठाचे हात घेऊन पोळ्यांशी झगडत होता, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. ताई वेळेच्या बाबतीत पक्की.

“आलो, आलो! हात धुतो!” तो चिडून ओरडला.

“तू पोळी बघ, जळेल,” बैठकीच्या खोलीच्या मधोमधून आवाज आला, भिंतीपासून चांगला लांब. “दार मी उघडते.”