बाटलीतली केळी आणि चंदगडची सुजाता

फुस्स... असा जोराचा आवाज झाला आणि मी थेट रस्त्यापर्यंत पळालो. उचगावच्या आमच्या लॅबमधला तो माझा पहिला दिवस. तिथं केळीची रोपं बाटल्यांत वाढवतात आणि मी त्या बाटल्या धुतो. मागून मॅडम हसत आल्या. म्हणाल्या, "मामा, बाटल्या वाफेवर उकडायला लावल्यात. या परत."

त्याला बरीच वर्षं झाली. धुतलेल्या बाटल्या रोज कुणीतरी उचलून नेतं. किस्से मात्र माझ्यापाशीच साठत गेले. त्यातले चंदगडच्या सुजाताचे सांगतो.

*

सुजाता बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेली. गावात मात्र ती डॉक्टरीण! सुट्टीला गेली की कुणीतरी शेळी घेऊन दारात हजर. शेळीतलं मला कळत नाही म्हणाली, तर एका आजीनं विचारलं, "मग येवढी वर्षं शिकलीस काय गं?"

*

मोठ्या कंपन्यांकडून तिला एकच उत्तर यायचं, अनुभव पाहिजे. इकडं वडिलांनी बजावलेलं, दिवाळीपर्यंत नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर लग्न.

आमच्याकडं मुलाखतीला आली, तेव्हा माझ्या बाटल्यांपाशी वाट बघत बसली होती. हळूच म्हणाली, "मामा, हा अनुभव मिळतो कुठं?"

"माझ्याकडं लई हाय की," मी म्हटलं. "पण बाटल्या घासायचा."

पोरगी हसली. तेवढंच माझ्या हातात होतं.

*

साहेबांनी तिला आधी काम बघू म्हणून घेतलं. एकाची चार रोपं करायला ती कापावी लागतात. त्यात तिचा हात सुरेख, पण तिच्याच बाटल्यांत बुरशी यायची. पाणी तपासलं, हवा तपासली, माझ्या धुण्यावरही संशय घेतला. शेवटी साहेबांनी कापायच्या खोलीच्या काचेतून बघितलं, तर मास्क हनुवटीवर आणि बाईंचं रोपांशी बोलणं चाललेलं! काय बोलत होतीस विचारलं, तर म्हणाली, "घाबरू नका म्हणत होते. सारखी कापाकापी चाललेली असते ना त्यांची."

तोंडाच्या वाफेनं बुरशी धरते, म्हणून आतल्या खोलीत बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. साहेबांनी तिला सांगितलं, आता बाटल्यांचे ट्रे बुरशीशिवाय निघाले तरच कायम करणार.

*

दिवाळीच्या तोंडावर तिचे वडील आले. पोरीला बघायला पाहुणे येणार होते, तिला घेऊनच जायचं होतं.

मी सांगितलं, "पावणं, पोरगी आत हाय. ट्रे संपल्याबिगर उठता येत न्हाय."

"मी हितनंच हाक मारतो की."

"मारा. तिनं आतनं ओ दिली, की रोपं नासली. मग नोकरीबी गेली."

ते काचेपाशी उभे राहिले. आत सुजाता मान खाली घालून एकेक रोप कापत होती. मी चहा आणून दिला, तो गार झाला. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली, तसा त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर गच्च दाबला. काचेच्या बाहेर!

बराच वेळ ते बघत राहिले. मग टॉवेल तसाच तोंडावर धरून एकटेच गेटाबाहेर पडले आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागले.