कालवड कुणाची

पौष वद्य पंचमी, गुरुवार. रक्कम तीनशे रुपये, दोन वासरांच्या नोंदणीची. हजर तिघं: मी, पशुपालक संघाचा नोंदणीवाला आणि माझ्या गाई सांभाळणारी बाई. गोठा बिडकीनच्या अलीकडे, मी राहतो शहरात. रोज सकाळी आठला मोटारसायकलवर जातो आणि वहीत लिहितो.

अकरा गाई, सगळ्या देवणी जातीच्या. त्यातली एक पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी, ती वासरू असल्यापासून त्या बाईनं अर्धलीवर वाढवलेली. बोली अशी की पहिलं वेत तिचं, दुसरं माझं. बाईचं स्वतःचं एकही जनावर नाही.

त्या आठवड्यात सोमवारी पहाटे दोन गाई व्याल्या, ही पहिलारू आणि एक म्हातारी. मी पोचलो तेव्हा बाई गाईंची पडलेली वार पुरायला बांधावर गेली होती. म्हातारीखाली कालवड पीत होती, पहिलारूजवळ गोऱ्हा झोपला होता. मी तसंच लिहिलं, कानांत बिल्ले मारले आणि नंबर मोबाइलवरून संघाला पाठवले.

गुरुवारी नोंदणीवाल्यानं अर्ज मोठ्यानं वाचला. "कालवड, आई म्हातारी गाय, मालक हे. गोऱ्हा, आई पहिलारू, मालक तुम्ही. करा सही."

बाईनं पेन घेतलाच नाही. "उलटं लिवलंय. कालवड पहिलारूची हाय."

"बाई, बिल्ला काय सांगतो?"

"बिल्ल्यानं वढलं व्हय तिला? म्या वढलं, या हातानं. पहिलारू दमून पडली, उठंना. मग चीक तरी पोटात जावा म्हणून कालवड म्हातारीला लावली. ती कुणालाबी पाजती, गरीब हाय. तिचा गोऱ्हा पिऊन पहिलारूपाशी जाऊन लवंडला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मला कुठं ठाव भाऊंनी काय लिवलं ते? माझं नाव आलं की वाचून दाखवत्यात, तवर नाय."

नोंदणीवाला माझ्याकडं बघून हसला. गोऱ्ह्याला आता गिऱ्हाईक मिळत नाही. कालवड म्हणजे तीन वर्षांनी घरचं दूध. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला माझी नोंद सोयीची वाटली. ती खरी ठरवायलाच मी वही उघडली.

त्या दिवसाची ओळ माझ्याच अक्षरात होती: "पहिलारू अस्वस्थ. गोऱ्ह्याला हुंगत नाही. म्हातारीच्या दिशेनं दावं ओढते." लिहिलं मी, वाचलं मात्र तीन दिवसांनी.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली. बाई म्हणाली, "बघा. गाईनं तुम्हाला सांगितलं व्हतं, भाऊ."

"माझी चूक, वहिनी," मी म्हणालो.

नंबर वर गेले होते. नोंदणीवाल्याच्या मते आता नुसत्या शब्दावर दुरुस्ती होत नाही, शेपटीचे केस मुळासकट डीएनए तपासणीला पाठवावे लागतात. दोन्ही गाई आणि दोन्ही वासरांचे केस त्यानंच उपटले. म्हातारी हलली नाही, पहिलारूनं त्याला लाथ घातली. "सांभाळणारीसारखीच आहे ही गाय!" लंगडत तो म्हणाला आणि त्यानं बाईकडं बघितलं. बाई पहिल्यांदा हसली.

अहवाल यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस बाईनं कालवडीला नाव ठेवलं नाही. कागद आल्यावर ठेवू, म्हणायची. कागद आला का, असं तिनं कधी विचारलं नाही, पण रोज आठला ती आधी माझ्या हाताकडं बघायची.

अहवाल आला. तिचंच खरं होतं. मी वहीतली चुकीची नोंद एका रेघेनं खोडली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही केली.

तपासणीचे चौदाशे आणि दुरुस्तीचे दोनशे मी संघाला भरले. गोऱ्ह्याच्या नोंदणीचे दीडशेही माझेच. कालवडीचे मी भरायला लागलो तर बाईनं हात आडवा घातला. पदराच्या गाठीतून तीन पन्नासच्या नोटा काढून तिनं नोंदणीवाल्याला दिल्या आणि पावती स्वतःच्या नावानं लिहून घेतली.