सुपाची कड

ओल्या हळदीचा वास आला की करंजाड्याचा तो मांडव आठवतो. हळदीचे फोटो काढायची माझी पहिलीच वेळ. समोर हॅलोजन भगभगत होते आणि प्रत्येक फोटोत नवरीच्या गालावर हिरवे ठिपके उमटत होते. लेन्स पुसून पुसून मी रडकुंडीला आले. तेवढ्यात नवरीची आत्या म्हणाली, “पोरी, उनात आपन डोल्यांवर हात धरतो ना? मंग याला पन सावली कर!” आणि तिने हातातलं सूप लेन्सच्या वर धरलं. ठिपके गायब! शेवटपर्यंत ती तशीच उभी राहिली. घरी पाहिलं, तर सगळ्या फोटोंच्या कोपऱ्यात सुपाची कड. कापून टाकते म्हटलं, तर नवरी म्हणाली, “नको, एकाही फोटोत आत्या नाय. तेवढी तरी राहू दे.” आज माझ्याकडे लेन्सवर सावली धरणारं महागडं हूड आहे. त्याची कड फोटोत येत नाही, आणि आली तर कुणी ठेवून घेणार नाही.