ठेच्यावरचा गूळ

जावयाचा पाट आत मांडला गेला, तिथेच माझं डोकं फिरलं.

धाकट्या बहिणीचा नवरा नाशिकचा. या खेपेला बुऱ्हाणपूरला आला तो वाइनची बाटली घेऊन. आईने त्याच्यासाठी भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता. बाटली उघडता उघडता त्याचं व्याख्यान सुरू झालं. "आई, वाइनला महागडं जेवणच लागतं असं कुठंय? साध्या भाकरीशीही मस्त जमते. जोडी जुळवता आली पाहिजे. तिखट असलं की गोडसर पांढरी." आणि आई चक्क मान डोलवत होती!

"घ्या ना जावईबापू, अंगूरचाच तं रस," म्हणत स्टीलचा पेला तिनेच पुढे केला. तोही स्वयंपाकघरात, देवापासून चार हातांवर.

आमचे बाबा आता नाहीत; ते कागदाच्या गिरणीत होते. पहिल्या पाळीवरून आले की कधीमधी पेलाभर मोहाची दारू घ्यायचे. शिवी नाही, कुणावर हात नाही. पण त्या दिवशी त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा बंद. ताट मागच्या पायरीवर, तेही न बोलता सरकवलेलं. शेजारीण डोकावली तर आई सांगायची, "त्यांना आत उकडते." गिरणीतली नोकरी संपेपर्यंत हे असंच चाललं. आणि आता बाटलीवर द्राक्षांचा घड छापला म्हणून सगळं सोवळ्यात? मोहाची ती दारू आणि नाशिकची ती संस्कृती!

एवढ्यात जावई म्हणाला, "ठेचा जरा सौम्य असता ना, तर वाइनची खरी चव कळली असती."

"उद्या करते कमी," आई म्हणाली.

आमच्या घरच्या ठेच्याने आजवर कुणापुढे मान तुकवलेली नाही. मला राहवलं नाही.

"तिखटाला गोड हे बाबांना तुमच्या आधीपासून ठाऊक होतं," मी म्हणाले. "ठेचा खायचा, वर गुळाचा खडा, मग मोहाचा घोट. पण त्यांना कुणी पाट मांडला नाही."

माझं ताट उचलून मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. आत जावईबापूंचं व्याख्यान थांबलं.

थोड्या वेळाने आई आली. मी भांडायच्या तयारीत होते. ती गुडघे धरत माझ्याशेजारी टेकली. त्या पायरीवर मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती. तिच्या हातात गुळाचा डबा होता.

"मले वाटे, तोंडाचा वास दाबायले गूळ खातात," ती म्हणाली. "पेतात तं पेतात, वरून लपवतात. त्याचाच तं राग होता मले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले कोणी सांगितलं?"

"बाबांनीच. मी पाण्याला निघाले होते. म्हणाले, ठेच्यावर गूळ खाऊन पाहा, मग समजते."

"मंग?"

मग काय? आईसारखंच तोंड फिरवून मी हंडा घेऊन पुढे गेले होते.

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

तिने माझ्या ताटात एक खडा ठेवला. तो मोडून मी ठेच्यावर ठेवला आणि ताट तिच्याकडे सरकवलं.